शिळं म्हणजे नेमकं किती शिळं?

आपल्याकडे प्रत्येक घरात एक फूड इन्स्पेक्टर असतो. पगार घेत नाही, रजा घेत नाही, लाच खात नाही. त्याचं नाव नाक. पातेल्यावरचं झाकण काढायचं, मान वाकवायची, एक मोठा श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "चांगलं आहे, काही झालं नाही" किंवा "जरा आंबूस वाटतंय, टाका." फारच मतभेद झाले तर वरच्या कोर्टात जायचं, म्हणजे बोटाच्या टोकावर घेऊन चाटून बघायचं.

गेली दोन वर्षं आमच्या घरात या इन्स्पेक्टरचा निकाल ग्राह्य धरत नाहीत. का, ते आज लिहितो. लेख लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा. (ताजा करून घ्या. सकाळचा गरम केलेला नको!)

दोन वर्षांपूर्वी बाबांचं किडनी ट्रान्सप्लान्ट झालं. किडनी आईने दिली. दोघंही ठणठणीत आहेत, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. पण ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना माहीत असेल की ऑपरेशन हा त्यातला सोपा भाग असतो. नवीन किडनीला शरीराने 'परकी' म्हणून हाकलू नये यासाठी प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं कायम घ्यावी लागतात. म्हणजे घराचा वॉचमन आपणच गुंगीत ठेवायचा आणि मग दारं-खिडक्या स्वतः सांभाळायच्या. तुम्हाला-मला एक दिवस पोट बिघडवून सोडून देईल असा जंतू बाबांना हॉस्पिटलात पोचवू शकतो. जुलाब-उलट्यांनी शरीरातलं पाणी कमी झालं की ताण थेट त्या एका किडनीवर येतो.

डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या कागदावर पथ्यांच्या यादीत एक ओळ होती : 'ताजे व गरम अन्न द्यावे. शिळे टाळावे.'

वाचायला किती सोपं! घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी कळलं की 'शिळे' या शब्दाच्या आमच्या घरात चार व्याख्या आहेत. आईच्या मते शिळं म्हणजे कालचं. सकाळी नऊला केलेली आमटी रात्री नऊला ताजीच असते, कारण तारीख बदललेली नाही. बायकोच्या मते फ्रिजमध्ये असेल तोवर काहीच शिळं होत नाही. बाबांच्या मते चव बिघडली की शिळं. आणि माझ्या मुलीच्या मते दुधी कधीही केला तरी शिळाच. आमच्या धंद्यात याला 'रिक्वायरमेंट क्लिअर नाही' असं म्हणतात आणि निम्मे बग तिथेच जन्माला येतात. म्हणून मी शनिवार-रविवार बसून हा एक शब्द नीट समजून घ्यायचं ठरवलं.

पहिली गोष्ट समजली ती नाकाबद्दल.

अन्न नासवणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू ही बहुतेक वेळा दोन वेगळी मंडळी असतात. नासवणारे जंतू अन्नाला वास आणतात, बुरबुर आणतात, तार आणतात. म्हणजे ते स्वतःची जाहिरात करतात. आजारी पाडणारे जंतू हवे तेवढे वाढले तरी रंग, वास, चव जशीच्या तशी राहू शकते. नाक आपलं काम चोख करतं, पण त्याला नेमून दिलेला प्रश्न वेगळा आहे. 'हे नासलंय का?' याचं उत्तर ते देतं. 'हे खाऊन मी आजारी पडेन का?' हा प्रश्न त्याच्या सिलॅबसमध्येच नाही. वास आला तर टाकायचंच, पण वास आला नाही म्हणून पास करायचं नाही.

दुसरी गोष्ट, 'उकळून घेतलं की झालं'. हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलोय. आणि ते निम्मं खरं आहे, म्हणून जास्त घातक आहे.

भाताचं उदाहरण घेऊ. तांदळाच्या दाण्यांवर बॅसिलस सेरियस नावाचा जीवाणू असणं अगदी सामान्य आहे. तो मातीतूनच येतो. अडचणीच्या काळात तो स्वतःभोवती एक कवच करून झोपी जातो. या झोपलेल्या अवस्थेला बीजाणू म्हणतात. भात शिजताना साधे जंतू मरतात, पण उकळत्या पाण्यातून हे बीजाणू तगून जातात. आता हाच भात ओट्यावर झाकून ठेवला की काय होतं? ओलावा आहे, ऊब आहे, खायला पिठूळ पदार्थ आहे आणि स्पर्धा करणारे बाकीचे जंतू शिजताना मेलेत. बीजाणू जागे होतात, वाढतात आणि त्यांचे काही प्रकार सेरुलाइड नावाचं विष तयार करून भातात सोडतात. हे विष १२१ अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. आपली फोडणी, आपली कढई, आपला मायक्रोवेव्ह यातलं काहीही त्याला हात लावू शकत नाही. सकाळी भात कितीही खरपूस परतलात तरी जंतू मरतात, विष राहतं. खाल्ल्यावर साधारण अर्धा ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये चायनीज रेस्टॉरंटमधल्या फ्राइड राइसमुळे अशा घटना लागोपाठ घडल्या, तेव्हा हे प्रकरण नीट लक्षात आलं.

बहुतेक वेळा माणूस दिवसभरात सावरतो. पण नेहमीच नाही. २००८ साली बेल्जियममध्ये एका २० वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच दिवस खोलीतच राहिलेलं स्पॅगेटी गरम करून खाल्लं आणि रात्रीत त्याचा मृत्यू झाला. त्या स्पॅगेटीत हेच जंतू सापडले. धडधाकट तरुण होता तो.

स्टॅफिलोकॉकस हा दुसरा. हा तर आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या नाकात आणि कातडीवर सुखाने राहत असतो. शिजलेल्या पदार्थात हात गेला की तोही जातो, आणि त्याचंही विष उकळून जात नाही. म्हणजे उकळणं हा जंतूंवरचा उपाय आहे, त्यांनी आधीच करून ठेवलेल्या उद्योगावरचा नाही.

मग उपाय काय? जंतूंना वाढायला वेळच न देणं.

इथे माझ्यातला इंजिनिअर खूश झाला, कारण सगळं प्रकरण दोनच आकड्यांवर येतं : तापमान आणि वेळ. ५ अंशांच्या खाली बहुतेक जंतू जवळजवळ थांबतात, ६० च्या वर ते वाढू शकत नाहीत. मधला ५ ते ६० चा पट्टा धोक्याचा. या पट्ट्यात शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. खोलीचं तापमान ३२ च्या वर असेल तर अमेरिकेतला नियम एकच तासाचा आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघरात ३२ म्हणजे थंडी वाजेल :-)

दोन तासच का? तर चांगली परिस्थिती मिळाली की बरेच जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. कॉम्प्युटरवाल्यांना दोनाचे घात पाठ असतात, त्यांनी लगेच हिशेब करावा. दोन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ६४. ठीक आहे, चालून जाईल. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या पातेल्यात नेमके एवढेच होतात असं नाही, पण कोणाशी गाठ आहे ते कळतं.

आता मुद्दा आईला पटवण्याचा. आणि इथे खरी अडचण होती. जिने स्वतःची किडनी काढून दिली त्या बाईला 'तुझ्या रात्रीच्या आमटीने बाबांना धोका आहे' हे कोण सांगणार? बायको म्हणाली, "आई तुमच्या, तुम्ही सांगा." बाबा म्हणाले, "मला यात ओढू नका, मला दोन्ही वेळा जेवायचंय."

मी वाद न घालता लॉग ठेवला. स्वयंपाकघरात वापरायचा सुईचा थर्मामीटर आणला. त्या दिवशी पाहुणे येऊन गेले होते, तीनेक लिटर आमटी उरली होती. नेहमीप्रमाणे आई म्हणाली, "गार होऊ दे, मग फ्रिजमध्ये टाकू." रात्री नऊला गॅस बंद केला आणि मी दर दोन तासांनी आकडा लिहीत बसलो. (आमच्याकडे प्रॉडक्शन सपोर्टच्या रात्री जागून सवय आहे.) स्वयंपाकघरात २८ अंश होते.

रात्री ११ : ६१ अंश.
रात्री १ : ४६.
पहाटे ३ : ३७.
पहाटे ५ : ३३.

सकाळी हा कागद मी ओट्यावर ठेवला. आईने चष्मा लावून वाचला. "पहाटे तीनला ३७ म्हणजे?"

"म्हणजे आपल्या अंगाएवढी ऊब गं. जंतूंना याहून चांगली जागा नाही."

त्यातही रात्री एकचा आकडा बघा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा एक जंतू आहे. त्याचेही बीजाणू शिजवताना टिकतात आणि त्याला हवा नकोच असते, त्यामुळे मोठ्या पातेल्याचा तळ त्याला फार आवडतो. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास तो दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. लग्न-समारंभात, पंगतीत, जिथे मोठमोठी पातेली हळूहळू निवतात तिथे हमखास त्याचंच नाव येतं. आपण 'गार होऊ दे' म्हणून ज्या तासांकडे दुर्लक्ष करतो, नेमके तेच तास त्याचे.

आणखी एक गंमत सांगतो. अमेरिकेत हॉटेलांसाठी नियम आहे की शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. आता पुण्यात ओट्यावर ठेवलेली आमटी २१ वर कधी येणार? डिसेंबरात कदाचित. बाकी वर्षभर खोलीच त्याहून गरम. म्हणजे 'गार झाल्यावर फ्रिजमध्ये' ही आपल्या हवेत कधीच पूर्ण न होणारी कंडिशन आहे. लूप संपतच नाही.

आईने कागद खाली ठेवला आणि प्रत्येक घरात येतो तोच प्रश्न विचारला. "अरे, पण आम्ही आयुष्यभर असंच खात आलो. आम्ही मेलो का?"

हा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नव्हता. कारण तो चांगला प्रश्न आहे. कराडजवळच्या आमच्या गावच्या घरात आईने लग्नानंतरची तेरा वर्षं फ्रिजशिवाय काढली. मग तिथे काय चाललं होतं? मी तिलाच विचारत गेलो आणि जे बाहेर आलं ते ऐकून खरं सांगतो, मला त्या सिस्टिमबद्दल प्रचंड आदर वाटला.

स्वयंपाक दोन वेळा व्हायचा. भात, आमटी, भाजी त्या त्या वेळेपुरती. उरलंच तर ते दुसऱ्या दिवसाची वाट बघत बसायचं नाही, गोठ्यात जायचं किंवा दारातल्या कुत्र्याला. म्हणजे अन्न वाया जात नव्हतं, पण माणसांनीच संपवलं पाहिजे असा हट्टही नव्हता. रात्रभर राहायचं ते काय? भाकरी, म्हणजे कोरडी. ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी, म्हणजे मीठ आणि पाणी जवळजवळ नाही. लोणचं, म्हणजे मीठ, आंबटपणा आणि वर तेल. पापड, सांडगे, कुरडया, म्हणजे उन्हात पाणी काढून घेतलेलं. आणि दूध? दूध दिवसातून दोन-तीनदा तापवायचं आणि रात्री उरलेल्याला विरजण लावायचं. विचार करा, नासू शकणारा सगळ्यात नाजूक पदार्थ रोज रात्री मुद्दाम आपल्या भरवशाच्या जंतूंच्या हवाली करायचा, म्हणजे ते आंबट करून बाकीच्यांना आत येऊ देत नाहीत. जंतूंना पाणी, ऊब, वेळ आणि सौम्य चव लागते. त्या घरात यातली एक तरी गोष्ट प्रत्येक पदार्थातून काढून घेतलेली होती.

बाकी त्या काळी कोणी आजारी पडतच नव्हतं असं नाही. 'पोट बिघडलं', 'बाधलं', 'नजर लागली' या नावांनी ते होतच होतं, आणि लहान मुलं दगावतही होती. पण सिस्टिम म्हणून ती पूर्ण होती.

मग मोडली कुठे? मला वाटतं, फ्रिज आला आणि 'उरलं तर काय' याचं उत्तर बदललं. फ्रिजने आपल्याला शिळं खायला शिकवलं आणि वर ते शिळं नाही असंही सांगितलं. गोठा गेला, दारातलं कुत्रं गेलं, 'अन्न टाकू नये' हा संस्कार मात्र राहिला (राहावाच). आता तो संस्कार पाळायचा एकच मार्ग उरला, आपणच खायचं. रविवारी आठवड्याची ग्रेव्ही, चार दिवसांची कणीक, मागवलेल्या बिर्याणीचा उरलेला अर्धा डबा. जुन्या घरातली अर्धी सिस्टिम आपण ठेवली आणि नव्या घरातलं अर्धं मशीन घेतलं. दोन्हींच्या मध्ये जी फट आहे त्यात जंतू राहतात.

आमच्या फील्डमध्ये कॅशे म्हणून प्रकार असतो. पुन्हा पुन्हा लागणारी माहिती जवळ साठवून ठेवायची, म्हणजे दरवेळी नव्याने काढायला नको. पण प्रत्येक नोंदीवर तिची मुदत लिहिलेली असते. मुदत संपली की ती माहिती दिसायला कितीही चांगली असली तरी फेकायची. मुदत न लिहिलेला कॅशे काय गोंधळ घालतो हे ज्यांनी रात्री दोनला निस्तरलंय त्यांना सांगायला नको. फ्रिज म्हणजे हाच कॅशे. आणि आपण त्यात मुदत न लिहिता डबे कोंबत असतो.

शिवाय फ्रिज म्हणजे पॉज बटण नाही, स्लो मोशन आहे. लिस्टेरिया नावाचा जंतू ४ अंशांवरही हळूहळू वाढतो. तो प्रामुख्याने गरोदर बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि बाबांसारख्या लोकांना गाठतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी नावाच्या तयार मांसपदार्थातून तो पसरला तेव्हा हजाराहून जास्त लोक आजारी पडले आणि दोनशेहून जास्त दगावले. पोलोनी तिकडे थंडच खातात. गरम करायचा प्रश्नच येत नाही.

थर्मामीटर हातात होताच, म्हणून फ्रिजही तपासला. मधल्या कप्प्यात ७ अंश, दारात ११! आणि आपण दूध कुठे ठेवतो? दारात. आतल्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे अंश नसतात, थंडाव्याची ताकद असते. ते वाढवलं, मागच्या भिंतीला चिकटून बसलेले डबे हलवले, हवा खेळायला जागा केली. दुसऱ्या दिवशी मधला कप्पा ४ वर आला. दारात आता सॉस, लोणची आणि पाण्याच्या बाटल्या. दूध आत.

राहिला प्रश्न आमटीचा. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर आजूबाजूचे डबे तापतात आणि पातेल्याचा मध्य तरीही तासन् तास कोमट राहतो. बाहेर ठेवावं तर ते वरचे आकडे. मी इंटरनेटवर मार्ग शोधत होतो तेवढ्यात आई म्हणाली, "दुधाला करतो तसं कर की."

"म्हणजे?"

"परातीत पाणी घ्यायचं, त्यात पातेलं ठेवायचं आणि डावाने हलवत राहायचं. विरजणाचं दूध लवकर निवायला दुसरं काय करतो आपण?"

केलं. आमटी दोन पातेल्यांत वाटून घेतली, परातीतलं पाणी दोनदा बदललं, पस्तीस मिनिटांत ३८ अंश. मग उथळ डब्यांत घालून फ्रिजमध्ये. ओट्यावर ज्याला सहा तास लागले तिथे अर्ध्या तासात पोचलो. पुढे जाऊन वाचलं तर हॉटेलांना हाच सल्ला देतात, फक्त पाण्यात बर्फ घालून. आईला सांगितलं तर म्हणाली, "त्यांच्याकडे बर्फ फुकट पडतो."

फ्रिजबाहेरच्या डब्यांचंही थोडं सांगायला हवं, कारण तिथे विष वेगळ्या वाटेने येतं. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात लोकांना एकाएकी काविळीसारखा आजार होऊ लागला. ३९७ जण आजारी पडले, १०६ गेले. कारण निघालं मका. पावसात भिजलेल्या, नीट न वाळवलेल्या कणसांवर बुरशी आली होती आणि तिचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष भाकरीतून पोटात जात होतं. हेही विष चुलीवर जात नाही. आपल्याकडे महाशिवरात्र-एकादशी झाली की भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात, तिथेही ओल लागलेल्या धान्यावरच्या बुरशीकडे बोट दाखवलं जातं. म्हणून शेंगदाणे, मका, भगर, मिरची हे कोरडं, बंद डब्यात आणि थोडं थोडंच आणायचं. भगरीचं पीठ आधीपासून दळून ठेवायचं नाही. बुरशी दिसलेला भाग काढून उरलेले दाणे भाजून घ्यायचे नाहीत, सगळे टाकायचे.

आणि तेल. 'तेलात बुडवलं की टिकतं' हे लोणच्याला लागू आहे कारण तिथे मीठ आणि आंबट आहे. नुसता लसूण तेलात घालून बाहेर ठेवला तर तेल फक्त हवा बंद करतं, आणि हवा नसली की बोट्युलिझमचा जंतू खूश. कॅनडात व्हँकूव्हरला १९८५ मध्ये असाच तेलातला लसूण खाऊन एका रेस्टॉरंटची ३६ गिऱ्हाइकं आजारी पडली. तेव्हा असलं काही केलं तर फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत संपवायचं.

असो. बराच गोषवारा झाला. आमच्या फ्रिजवर सध्या लावलेला कागद जसाच्या तसा देतो.

१. शिजल्यापासून दोन तासांत पोटात किंवा फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात एक तास.
२. पातेलं फ्रिजमध्ये नाही. परातीतल्या पाण्यात निववून उथळ डब्यात, दोन इंचांपेक्षा खोल नको.
३. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी, त्यावर वार आणि वेळ. उरलेला भात २४ तास, बाकीचं जास्तीत जास्त तीन दिवस.
४. शिजलेलं वर, कच्चं मटण-मासे-अंडी सगळ्यात खाली, झाकून. गोठलेलं मटण ओट्यावर नाही, फ्रिजमध्येच सुटं होऊ द्यायचं.
५. लागेल तेवढंच काढून गरम करायचं, चांगली वाफ येईपर्यंत, मध्ये हलवून. एकदाच. परत आत नाही.
६. वीज गेली तर फ्रिज उघडायचा नाही. बंद फ्रिज चार तास धरतो.
७. शंका आली तर टाकायचं. चाखून बघायचं नाही.

आणि तळाशी लाल पेनाने : 'बाबांना यातलं काहीच नाही. बाबांचं त्या वेळचं त्या वेळी.' ही शेवटची ओळ आईच्या अक्षरात आहे. (तुमच्या घरी असा पेशंट असेल तर तुमच्या डॉक्टरांचं ऐका, माझ्या फ्रिजचं नाही.)

शिळं म्हणजे किती शिळं, याचं उत्तर मला असं मिळालं : ते घड्याळात आणि थर्मामीटरमध्ये मोजायचं असतं, कॅलेंडरात किंवा नाकाने नाही. सकाळी नऊची, ओट्यावर राहिलेली आमटी रात्री शिळीच. आणि रात्रीची, अर्ध्या तासात गार करून फ्रिजमध्ये ठेवलेली आमटी दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही-आम्ही बिनधास्त खावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालात जगात दरवर्षी अंदाजे ६० कोटी लोक दूषित अन्नाने आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात असा हिशेब आहे. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा. त्यांना आमटी कधी केली ते विचारता येत नाही. आपण विचारायचं असतं.

'टाकू नये' या संस्काराचं काय झालं? तो आईनेच सोडवला. मी नियम लिहीत होतो आणि तिने माप बदललं. दोन वाट्या तांदळाची सव्वा वाटी झाली, आमटीचं पातेलं बदलून लहान आलं. पहिले आठ दिवस कोणाला ना कोणाला भात कमी पडला, मग बसलं गणित. आता उरतच इतकं कमी की चिकटपट्टीचं एक रीळ सहा महिने पुरतं.

फक्त एक अडचण राहिली होती. बाबांना फोडणीचा भात लागतो, आणि तो कालच्या भाताचाच लागतो, ताज्याचा गिचका होतो. यावर आईचा तोडगा असा की सकाळी सातला भात मोकळा शिजवायचा, परातीत पातळ पसरायचा, वर पंखा लावायचा, वीस मिनिटांनी कढई चढवायची. बाबांनी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा विचारलं, "कालचा ना?"

"हो, कालचाच," आई म्हणाली.